तोंडाने तपासलेला टर्बो

नळीमास्तरांचं डोकं चार दिवसांपासून फिरलेलं होतं. समोरची लाल स्पोर्ट्स कार बॉनेट वासून उभी होती आणि काही केल्या जोर धरत नव्हती. इंजिनात जादा हवा कोंबून जोर देणाऱ्या टर्बोला ताब्यात ठेवणारे भाग ते किती! टर्बोला चिकटलेली डबी, म्हणजे अ‍ॅक्च्युएटर, तिला हुकूम देणारा व्हॉल्व्ह, आणि मधल्या रबरी नळ्या. पण सापडतील तर शपथ! व्हॉल्व्ह इंजिनाच्या मागे असा कोंबलेला, की मनगट सोलून निघालं तेव्हा कुठे हाताला लागला. "ज्याने ही गाडी आखली ना, त्यालाच इथे हात घालायला लावा!" मास्तर करवादले.

तपासायची त्यांची पद्धत पस्तीस वर्षांची. नळी तोंडात धरायची, हवा ओढायची आणि टोकाला जीभ लावायची. जीभ चिकटून राहिली तर भाग ठणठणीत, सुटली तर गळका. नळीमास्तर हे नाव त्यावरूनच पडलेलं. गॅरेज पुतण्याचं. त्याने दोन वर्षांपूर्वी हवा ओढून गळती काट्यावर दाखवणारा हातपंप आणून दिला होता, तो खोक्यासकट कपाटात पडून होता. "का? माझं तोंड काय भाड्याने दिलंय?" असं म्हणून मास्तरांनी तो विषय मिटवला होता.

आणि आता बघावं तो भाग गळका! जुना अ‍ॅक्च्युएटर गळका. नवा मागवला, तोही गळका. पुन्हा मागवलेला तिसरा, तोही तसाच. व्हॉल्व्हसुद्धा. "सुटे भाग विकता की भंगार?" असं त्यांनी दुकानदाराला फोनवर फैलावर घेतलं. त्यात पंधरा दिवसांपूर्वी बसवलेली कवळी हिरड्यांना टोचत होती, जेवण गोड लागत नव्हतं. एकूण सगळाच वैताग.

दुपारी पुतण्या जवळ आला. "काका, राग मानू नका. पाचपर्यंत बघा. नाहीतर गाडी त्या कॉम्प्युटरवाल्याकडे पाठवतो. यापुढची टर्बोची कामंही त्यालाच देऊ."

तो हळू आवाजात बोलला, हेच मास्तरांना जास्त लागलं. टर्बो गेला की आपल्याकडे उरणार काय, ऑइल बदलणं? त्यांना रडूच यायचं बाकी होतं.

तेवढ्यात बायको डबा घेऊन आली. "हे काय, तोंड एवढंसं करून बसलात?"

"मग काय करू? हा बघ, नवा कोरा अ‍ॅक्च्युएटर, तोही गळतोय!"

पस्तीस वर्षं जेवताना बायकोने या तपासणीचंच ऐकलेलं. तिने नळी रुमालाने पुसली, तोंडात धरली, हवा ओढली. अ‍ॅक्च्युएटरच्या डबीची काडी खटकन हलली आणि तिथेच थांबली. जिभेला नळी लोंबकळत असल्यामुळे बाईंना बोलता येईना. मास्तरांनी साठपर्यंत मोजलं. मग बाकीचे दोन्ही झाले, व्हॉल्व्हही झाला. सगळे टिकले.

"अहो, यातलं काहीच गळत नाहीये," ती म्हणाली. "तुमची कवळी गळतेय."

"काहीतरीच तुझं!" मास्तर उसळले. त्यांनी नळी हिसकावून हवा ओढली, आणि कवळीच्या कडेने बारीक सुस्स आवाज आला. इतके दिवस तो त्यांनी भागांच्या नावावर खपवला होता. त्यांचे कान तापले.

उरल्या नळ्या. मास्तर एकेक काढत गेले, ती ओढत गेली. व्हॉल्व्हमागची एक नळी तिच्या जिभेवर टिकेना. खालच्या अंगाने चिरलेली निघाली. नवी नळी बसवून साडेचारला पुतण्या गाडी फिरवून आला, तो हसतच उतरला.

"मानलं काका! तुमच्या जिभेला सोन्याने मढवायला हवं!"

बायको डब्याचं झाकण लावत राहिली. मास्तरांनी फोन उचलला आणि सगळ्यांसमोर दुकानदाराला म्हणाले, "तुमचा माल चांगला होता. चूक माझी. उगाच बोललो."

मग त्यांनी कपाटातून ते खोकं काढलं, धूळ पुसली आणि पुतण्याच्या हातात दिलं.

"हे कसं चालवतात, मला शिकव."