महादेवकाकांनी ओळखलेलं पाऊल

कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड शाळेच्या पत्त्यावर आलं, तेव्हा मी सातवीच्या वर्गावर होतो. शिपायानं ते टेबलावर पालथं ठेवलं. मजकूर आधी माझ्या नजरेस पडू नये, एवढाच त्याचा भाबडा हेतू. पण कोपरा नसलेलं कार्ड कसंही ठेवलं तरी सांगायचं ते सांगून टाकतंच. महादेवकाका गेले होते. चुलतभावानं तीनच ओळी लिहिल्या होत्या... सकाळी वावरात गेले, धुऱ्यावर बसले, ते उठलेच नाहीत. मी वर्ध्याहून मोटारीनं अल्लीपूर गाठलं, तिथून अडीच कोस पायी गेलो, आणि पोचलो तेव्हा राखसुद्धा सावडून झाली होती. तेरवीला मारुतीच्या पारावर चार माणसं बोलली. पोलीस पाटील म्हणाले, "काकाची नजर कवाच चुकली नाई. देवीचा चोर त्यायनंच धरून देल्ला." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही तिथंच बसलो होतो. ज्या एका गोष्टीसाठी काका शेवटची तीन वर्षं झुरले, तीच गोष्ट त्यांच्या मरणानंतर त्यांची थोरवी म्हणून सांगितली जात होती, आणि मी मुकाट्यानं लाडू खाल्ला. म्हणून हे लिहितो आहे. लिहायला बसायलाच मला सहा आठवडे लागले.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. कापूस-ज्वारीची बेताची शेती, अंगात बंडी, ओठांवर मिशी आणि मान सदैव खाली. मान खाली म्हणजे गरीब गाय म्हणून नव्हे! त्यांना माणसांच्या तोंडापेक्षा पावलं जास्त बोलकी वाटत. लग्नघरी ते आधी मांडवाबाहेरच्या जोड्यांकडे पाहत आणि आत कोण कोण आलंय ते बाहेरच सांगत. "नवरदेव जरा रागीट दिसते," असं त्यांनी माझ्या बहिणीच्या लग्नात नुसत्या टाचेची झीज पाहून सांगितलं होतं, आणि दुर्दैवानं ते अगदी खरं निघालं. कोणाचा बैल चुकला, म्हैस दुसऱ्या शिवारात गेली, की काकांना बोलावणं येई. आमच्या काळ्या मातीत पाऊल ओलं असताना उमटलं की वाळल्यावर छापल्यासारखं राहतं. काका पाऊल सापडलं की त्याच्यावर टोपली पालथी घालत, टोपलीवर दगड ठेवत, आणि शेजारी माती भिजवून एकेका माणसाला तिच्यावरून चालायला लावत. मग टोपली उचलून दोन्ही पावलं पंचांसमोर दाखवत. पंचक्रोशीत कुठंही काही चोरीला गेलं की लोक पोलिसांच्या आधी टोपली शोधत.

तर देवीच्या चोरीच्या वेळीही तसंच झालं. गावाबाहेरच्या माताबाईच्या देवळातून चांदीचा मुखवटा गेला. आदल्या दिवशी एकादशी होती, सगळं गाव मारुतीच्या देवळात भजनाला होतं. सकाळी पुजाऱ्यानं बोंब ठोकली, काका गेले, आणि देवळामागच्या चिखलात त्यांना वहाणेचा ठसा मिळाला. डाव्या टाचेला तीन खिळे, बाहेरची कड झिजलेली. चालवून पाहायचीसुद्धा गरज पडली नाही. "ह्या श्रावनच्या वहाना," ते म्हणाले. श्रावण म्हणजे आमच्याच आळीतला, पंचविशीचा, नुकतंच लग्न झालेला पोरगा. तो चावडीवर रडून रडून सांगत होता, "माह्या वहाना मारुतीच्या पायरीपाशी होत्या. भजन उठलं तं नव्हत्या, म्या अनवानी घरी गेलो. सकाळी पाह्यतो तं जागच्या जागी!" लोक हसले. भजनाला वहाणा बदलतात हे आमच्याकडं नवीन नाही. अंधारात ज्याच्या पायात जे बसेल ते घालून माणूस घरी जातो आणि सकाळी आणून ठेवतो. पण काकांच्या शब्दापुढं हे कोण ऐकणार? श्रावणला शिक्षा झाली. त्याची बायको पोटुशी होती, तिला बापानं माहेरी नेलं. ती बाळंतपणात गेली, मूलही गेलं. सुटून आल्यावर श्रावण गावात आठ दिवस राहिला. त्याच्याशी कोणी बोललं नाही, त्याला विहिरीवर कोणी बादली दिली नाही. मग तो हिंगणघाटला गिरणीत लागला आणि परत आला नाही. मुखवटाही परत आला नाही.

आपला जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्या हिवाळ्यात अल्लीपुरात फिरती टॉकीज आली. बैलबंडीवर रंगीत फलक, भोंग्यातून आरोळी... राजेरजवाड्यांच्या काळातला नामचीन चोर आणि त्याच्या मागावरचा कोतवाल! काकांनी जन्मात सिनेमा पाहिला नव्हता. मला वाटलं, पावलं ओळखणाऱ्या माणसाला चोरा-कोतवालाचा खेळ आवडेल. मीच त्यांना आग्रह करून नेलं. ती बुद्धी मला कुठून झाली, असं आजही वाटतं. दिवेलागणीला तंबूत बसलो. चोर घोड्यावरून किल्ल्याच्या तटाखाली आला, तर काकांचा पहिला शेरा, "या घोड्याले नालच नाई ठोकले." पुढं चोर नदीत उडी मारतो, कोतवालाची मिशी भिजते, लोक शिट्ट्या मारतात, आणि काका आपले पडद्याच्या तळाशीच बघताहेत. मला हसू येत होतं.

मग तो प्रसंग आला. घाटावर एक लठ्ठ शेठजी पायातले जोडे काढून देवळात जातो. चोर येतो, ते जोडे घालतो, ओल्या वाळूवरून तुरुतुरु खजिन्यापर्यंत जातो, थैली मारतो आणि येऊन जोडे होते तिथंच ठेवून देतो. शेठजी गुणगुणत बाहेर येतो, जोडे घालतो. कोतवाल वाळूतली पावलं बघत बघत येतो आणि थेट त्याचीच मानगूट धरतो! शेठजीचं पागोटं सुटलं, तो गरगर फिरला, आणि सगळा तंबू पोट धरून हसला. मीही हसलो. तेवढ्यात काकांनी माझं मनगट धरलं. रीळ संपलं होतं. एकच मशीन असल्यानं दुसरं चढवायला दिवा लावत. त्या उजेडात मी त्यांचं तोंड पाहिलं आणि माझं हसू जिथल्या तिथं थांबलं.

"मधू," ते म्हणाले, "श्रावन हेच तं सांगत होता..."

मी म्हणालो, "काका, हा सिनेमा आहे."

"पाऊल आखूड पडलं होतं, मधू. मले तवाच दिसलं होतं. श्रावनची ढांग लांब. म्या म्हनलं, वझं असन, म्हनून आखूड पडलं असन. आरे, चांदीच्या मुखवट्याचं वझं ते कितीसं!"

पुढचा सिनेमा आम्ही पाहिला नाही. चोर सापडला की निसटला, मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी ते एकटेच पुन्हा गेले, तिसऱ्या दिवशीही गेले. तेवढाच प्रसंग पाहायचे आणि लोक हसायला लागले की उठून बाहेर यायचे. चौथ्या दिवशी मला घेऊन ते ठाण्यावर गेले. तिथला जमादार भला माणूस होता. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सजा काटके आ गया ना वो? अब क्या करना है, काका? घर जाव, आराम करो." काका हात जोडून उभेच राहिले. शेवटी मीच त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं.

तिथून आम्ही श्रावणकडं गेलो. गिरणीमागच्या चाळीत त्याची खोली होती. तिशीतल्या माणसाचे सगळे केस पिकलेले मी पहिल्यांदा पाहिले. काका उंबऱ्याबाहेरच बसले, त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "श्रावन, चूक माही होती. तू चोर नाईस." मला वाटलं आता हा ओरडेल, अंगावर येईल. तो तसं काही करता तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात म्हणाला, "मले काऊन सांगून राह्यले, काका? मले तं माहीतच हाये. गावाले सांगा. गावानं आयकलं, की मले बलाव धाडा. मी येईन."

एवढंच काम होतं. गावाला सांगायचं, गावानं ऐकायचं, आणि एका माणसाला घरी बोलवायचं. काकांना वाटलं, ज्या गावानं आपला एक शब्द ऐकून पोरगा तुरुंगात धाडला, ते गाव दुसरा शब्द ऐकून त्याला परत घेईल. पुढच्याच एकादशीला भजन आटोपल्यावर ते देवळाच्या दारात उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "श्रावननं चोरी नाई केली. पाऊल म्या चुकीचं ओळखलं." कोणीतरी फिसकन हसलं, "काका, सिनेमा पाह्यला वाटते!" पण ते हसणं वरवरचं होतं. श्रावण चोर नव्हता, तर त्याच्या वहाणा घालून जाणारा कोणीतरी दुसरा होता; तो त्या दिवशी याच देवळात टाळ कुटत बसला होता, आणि कदाचित आजही बसला होता. हा विचार कोणालाच नको होता. श्रावण चोर असण्यात सगळ्यांचीच सोय होती. वहाणा शोधत शोधत सगळे काकांच्या शेजारून निघून गेले.

काकांनी मग ते व्रतच धरलं. तीन वर्षं, दर एकादशीला, भजन उठलं की दारात उभं राहायचं आणि तीच दोन वाक्यं म्हणायची. पोरं त्यांना सिनेमावाले काका म्हणू लागली. घरचे चिडले, काकूंनी देवळात जाणं सोडलं. कोणी चुकलेल्या बैलाचा माग काढायला बोलावलं तर काका म्हणत, "मले पाऊल ओळखता येत नाई." लोक हळूहळू भजनातून मागच्या दारानं उठून जाऊ लागले. काका रिकाम्या पायरीला सांगत राहिले. मी सुट्टीत गावी गेलो की एकादशी टाळूनच जात असे, हेही इथं सांगितलं पाहिजे. सिनेमा दाखवायला नेणारा मीच, आणि त्याचं पुढं काय झालं ते पाहायला मात्र मला वेळ नव्हता! याची आता लाज वाटून उपयोग नाही, पण वाटते.

तेरवीहून परतताना मी हिंगणघाटला उतरलो. श्रावण दुपारच्या पाळीवरून नुकताच आला होता. काका गेल्याचं सांगितलं तेव्हा त्यानं हातातला पाण्याचा गडवा खाली ठेवला आणि भिंतीला टेकून बसला. रडला नाही. मीच रडायला लागलो, तर त्यानं मला पाणी दिलं. थोड्या वेळानं त्यानं विचारलं,

"गुरुजी, त्यायनं गावाले सांगतलं?"

"सांगितलं. तीन वर्षं सांगितलं."

"कोनी आयकलं?"

मी नकारार्थी मान हलवली. तो हाताची बोटं चोळत राहिला. आपल्याला कधीच बोलावणं येणार नाही, हे त्याला त्या घडीला कळलं असावं. सांगणारा एकटाच होता, तोही गेला.

"पयल्यांदा सांगतलं तवा तुमी होते तिथं?"

"होतो."

"मंग तुमी काय म्हनलं?"

खोटं बोलता आलं असतं. पण त्या खोलीत, त्या माणसासमोर, ते जमलं नाही. पहिल्या एकादशीला मी काकांच्या अगदी शेजारी उभा होतो. सगळं खरं मला माहीत होतं. लोक हसायला लागले, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि मी त्यांची बंडी ओढून म्हणालो होतो, "काका, पुरे आता. खाली बसा."