चाकावरचं काळं

दसरा उद्यावर आला म्हणून अण्णांची मोटरसायकल धुवायला काढली. अण्णा, माझे वडील, दारात खुर्चीवर बसून बघत होते. पक्षाघातानं त्यांची उजवी बाजू गेली आहे. आणि मोटरसायकलचे दोन्ही ब्रेक उजवीकडेच असतात. एक हाताशी, एक पायाशी. घरात दुसरं कुणी ती चालवत नाही.

टाकी आणि सीट नुसत्या पाण्यानं लख्ख झाली. चाकावरचं काळं मात्र हलेना. ब्रेक दाबला की पॅड झिजतात, त्यांची पूड उडते आणि तापलेल्या चाकावर भाजून बसते. म्हणजे माणूस जितक्यांदा थांबला, तितकं ते साचत जातं. दर दसऱ्याला अण्णा रॉकेलचा बोळा आणि जुना टूथब्रश घेऊन चाकाशी बसत आणि कुरकुरत, "कितीही घासा, चार दिवसांत परत आहेच."

"आतून," ते आता जड जिभेनं म्हणाले. मी आतूनही घासलं. बोळ्यामागून बोळे काळे होत गेले. शाळेच्या फाटकाशी मला उतरवायला थांबले होते तेव्हाचं, आईनं पिशवी राहिली म्हणून मागून हाक मारल्यावर थांबले होते तेव्हाचं, सगळं घासून घासून गटारात सोडलं.

उद्याच्या हारासाठी झेंडू निवडणाऱ्या आईनं विचारलं, "निघालं का रे सगळं?"

"निघालं."

अण्णांनी चकाकत्या चाकाकडे पाहिलं आणि मान फिरवली. त्यांची इतक्या वर्षांची कुरकुर संपली होती. हे चाक आता पुन्हा काळं होणार नाही.