भावाच्या ओळी

आमच्या घरात उशीर चालत नाही. माझा नवरा अबुधाबीत एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत कामाला आहे, पण मुळात तो सांगलीकडच्या एका ऑर्केस्ट्रातला ऑर्गनवाला. आमच्या लग्नात नवरीच्या आधी अर्धा तास तो मांडवात हजर होता. त्यांच्या ऑर्केस्ट्राचे कायदे दोनच. ठोक्याला उशीर करायचा नाही, आणि एखादा गायक आला नाही तर त्याच्या ओळी ऑर्गनवर वाजवायच्या, जागा रिकामी सोडायची नाही. इकडे आल्यावर ऑर्गन पलंगाखाली गेला आणि कायदे माझ्या राशीला आले. मी घरून डबे पुरवते. एक पोळी उशिरा उतरली तरी हा गडी मनगटावरचं घड्याळ दाखवतो.

त्याच्या ऑफिसातल्या एका फिलिपिनो गिटारवाल्याला या ऑर्गनचा सुगावा लागला. त्यांचा एक छोटा बँड होता. कंबोडियातली जुनी पॉप गाणी ते जुन्या, झिंग आणणाऱ्या रॉकच्या साजात वाजवायचे, आणि त्यांना नेमका तसला जुनाट ऑर्गन हवा होता. मी फोनवर एक गाणं ऐकलं. वर बाईचा बारीक, वळणं घेणारा आवाज आणि मागे गिटार बादलीत बुडवून वाजवल्यासारखी.

"अहो, बिघडलंय वाटतं हे," मी म्हटलं.

"मम्मा, दॅट्स द होल पॉइंट," लेक म्हणाली.

नवरा मात्र डोळे मिटून बसला होता. "अगं, हे तर आमच्याच वेळचं," म्हणाला, आणि पलंगाखाली शिरला.

मग दर रविवारी आमच्या हॉलमध्ये तालीम सुरू झाली. गाणारी मुलगी कंबोडियाची, दुबई मरीनातल्या एका हॉटेलात रिसेप्शनला. थालीपीठाबरोबर तिने मिरचीचा ठेचा डोळ्यांत पाणी न आणता खाल्ला, आणि मला ती तिथेच आवडून गेली.

खाता खाताच तिने सांगितलं. ती बसवत होती त्यातलं एक गाणं बहीण-भावाचं होतं. तिची आई आणि मामा लहानपणी घरात ते म्हणायचे. मग त्यांच्या देशात फार वाईट दिवस आले. मामाला नेलं, तो परत आला नाही. तेव्हापासून असलं गाणं कुठे लागलं की आई उठून निघून जाते. मुलीने सगळी गाणी आईला चोरून शिकली होती. आता आई महिनाभरासाठी व्हिजिट व्हिसावर येणार होती, आणि मुलीला वाटत होतं की तिने एकदा तरी बसून ऐकावं.

"ती उठून गेली तर मी ही गाणी सोडेन," ती म्हणाली. "आणि अंकल, मामाच्या ओळी रिकाम्या ठेवायच्या. तिथे फक्त ड्रम."

नवऱ्याने मान डोलावली. ती मान मी ओळखते. मीठ कमी खा म्हटल्यावरही तो तशीच डोलावतो.

कार्यक्रम मरीनातल्या एका रेस्टॉरंटमध्ये होता. "यल्ला, यल्ला" करत त्याने आम्हाला इतकं लवकर नेलं की वेटर अजून खुर्च्या मांडत होते. मुलीची आई माझ्या शेजारी बसली. लहानखुरी बाई, पर्स मांडीवर, बस आली की उठायच्या तयारीत असावी तशी. मला उगाचच तिचा हात धरावासा वाटत होता.

ते गाणं सुरू झालं. भावाची पहिली ओळ आली, नुसता ड्रम वाजला. आईने दाराकडे पाहिलं. दुसऱ्या ओळीला मला नवऱ्याचा खांदा हललेला दिसला.

"अहो, नको," माझ्या तोंडून निघालं.

हात गेलाच. भावाची ओळ ऑर्गनवर अख्खी वाजली, अगदी ठोक्याला ठोका. मुलगी गर्रकन वळली. तिची पुढची ओळ म्हणायची राहूनच गेली. आणि आई उभी राहिली.

खलास, मी मनात म्हटलं. त्या क्षणी मी नवऱ्याला कच्चा खाल्ला असता.

पण ती जाईना. उभ्या उभ्याच पर्स पोटाशी धरून तिने बहिणीची ओळ म्हटली. आवाज फाटका होता, सूर मात्र जागच्या जागी. ऑर्गनने पुन्हा भावाची ओळ घेतली, तिने पुन्हा बहिणीची. मुलगी माइक खाली धरून नुसती ऐकत राहिली. मला रडू आवरेना, आणि मी ते आवरलंही नाही.

गाणी संपल्यावर मायलेकी ऑर्गनपाशी आल्या. नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "हात गेला गं," तो मला म्हणाला, आणि आईला हात जोडून सॉरी सॉरी करू लागला. ती ऑर्गनवर बोट आपटत बराच वेळ बोलली. मुलगी डोळे पुसता पुसता हसायला लागली.

"आई म्हणते, मामा तिथे नेहमी उशिरा यायचा. तुम्ही फार वेळेवर आलात. पुढच्या वेळी जरा उशीर करा."

राहिलेले रविवार आई आमच्याकडे तालमीला आली. ऑर्गनशेजारी बसून ती हात वर धरायची, आणि तो खाली येईपर्यंत नवऱ्याने थांबायचं. आता ती परत गेली आहे. तरी ती ओळ आली की नवरीच्या आधी मांडवात पोचलेला हा माणूस बोटं अधांतरी धरून, कारल्याचा रस प्याल्यासारखं तोंड करून थांबतो. तेवढा वेळ मीही स्वयंपाकघरात भांडं वाजू देत नाही.