बसखालचं लोखंड

नातीच्या पाचवीला वावटळीनं पाल उडवून नेलं आणि सटवाई नशीब लिहायला आली तेव्हा पोरीच्या डोक्यावर कापडसुद्धा नव्हतं, त्या वर्षीच्या फाल्गुनातली ही गोष्ट. कुर्डुवाडीच्या बाहेर भंगाराचं एक आवार आहे. त्या आवारात, शाळेच्या एका जुन्या पिवळ्या बसखाली हैबती घिसाडी उताणा पडलाय. भर दुपार आहे. तो बस तपासायला खाली शिरला होता, पण गार मातीला पाठ टेकली आणि डोळे जड झाले.

बस पसंत पडली तर सीटा उपटून तिचं घर करायचं, असं हैबतीच्या मुलानं, अंकुशनं ठरवलंय. मागं चूल, मधे झोपायला फळ्या, पुढं वेल्डिंगचं सामान. सून शेवंताला बाकी काही नको. पालात दिवस काढलेल्या बाईला एकच हवंय, आतून कडी लागेल असं दार. बदल्यात भंगारवाल्याला बैलजोडी द्यायची, गाडा द्यायचा, आणि ऐरणही. घिसाड्यानं ऐरण दिली म्हणजे माघारी फिरायची वाटच मोडली. अंकुश आत्ता नारळ आणायला गेलाय. एकदा का चाकावर नारळ फुटला की सौदा पक्का, मग खालून काहीही निघो.

आणि खालचंच तर कळत नाही. बसचा सगळा भार दोन लांब पट्ट्यांवर असतो. त्यांच्यावर इथं कुणी तरी हात न राखता डांबर फासलंय. आतून लोखंड गंजलंय का, हे नुसत्या हातोडीनं समजत नाही. हातोडीनं जागा दाखवायची आणि दुसऱ्यानं त्याच जागी बाजूनं घण घालायचा, तेव्हा लोखंड खरं बोलतं. घिसाड्यांत घण बायको घालते. हैबतीनं जन्मभर सांडशी आणि हातोडी धरली, घण त्याच्या बायकोनं, सुंद्रानं घातला. सुंद्रा आता नाही. सुनेनं कधी घण उचलला नाही.

टक. टक.

"अवं, झोपला व्हय?"

मागच्या चाकापाशी सुंद्रा उकिडवी बसलीय. कासोटा खोचलेला, कुंकू घामानं नाकावर ओघळलेलं.

"न्हाय गं. लोखंड बघतोय."

"डोळं मिटून?" ती हसते. "डोळं मिटून गडी बाया बघत्यात, लोखंड न्हाय."

हैबतीला तिचं नवल वाटत नाही. नवल वाटतं ते तिच्या हातातल्या हातोडीचं. ती त्याची आहे. घण त्याच्या उशाशी पडलाय.

"आज तुमी घाला," ती म्हणते.

"मी? माज्या बापानं कदी घातला न्हाय."

"माज्या बापानं तरी कुटं घातला? आयनं घातला. पोटात मी असताना."

तो उठतो. बसखाली आता उभं राहता येतं, आणि पट्टी ऐरणीवर ठेवल्यासारखी कमरेच्या उंचीवर आहे. सुंद्रा टक करते, तो घण घालतो. ठण. ती एक पाऊल सरकते, टक. ठण.

"बरं बोलतंय," तो म्हणतो.

"थांबा की. अजून लांब हाय."

पट्टी लांबत जाते. दोघं तिच्या कडेकडेनं चालतात. पायाखाली बांध आहे, बांधावर हरळी आहे, आणि पलीकडं कुठल्या तरी गावच्या बाया बोथट विळे घेऊन उभ्या आहेत. हैबती त्यांना हाक मारतो. आता त्यांच्या हातांत विळे नाहीत, मोकळे हात आहेत. त्या पाठ फिरवून चालू लागतात.

"ह्या कुटं निघाल्या?"

"ह्यांस्नी काय काम न्हाय आपल्याकडं," सुंद्रा म्हणते. ती बसच्या आत बसलीय, पोरांच्या बुटक्या सीटवर, गुडघे हनुवटीला लावून. खिडकीच्या काचेवर कुणी तरी बोटानं काढलेलं घर आहे. तिच्या शेजारी जागा आहे, पण हैबतीचं अंग त्या सीटवर मावत नाही. तो उभाच राहतो.

"आपली नात बसंल का हितं?"

"सीटा काडायच्यात गं. ऱ्हायचंय हिच्यात."

"मंग शाळंला कशानं जाईल?"

हैबती काचेवरचं घर बघत राहतो.

"म्हंजी बस हाय आन् शाळा न्हाय," ती म्हणते. "लय झाक केलंत."

"टोमणं मारायला आलीस व्हय?"

"दुसरं काय हाय माज्यापाशी?"

सीटांच्या मधल्या वाटेत पट्टी आडवी पडलीय, भट्टीतून काढल्यासारखी लाल. भात्याचा सुस्कारा ऐकू येतो, भाता मात्र कुठं दिसत नाही. सुंद्रा खाली उतरून पट्टीवर हातोडी ठेवते. टक.

तो घण घालतो.

थप.

ओल्या पोत्यावर मारल्यासारखा आवाज. घण आत रुततो. तो उपसून काढतो तर भोकातून तांबूस भुकटी वाहते, जात्याखालून नाचणीचं पीठ पडावं तशी. सुंद्रा बोटानं चाचपते.

"खाल्लंय की सगळं."

"पुढं बघ."

टक. थप. टक. थप. लाल पट्टी काळी पडत जाते, भुकटी घोट्यापर्यंत येते. हैबतीचे खांदे भरून आलेत. हा घण ती रोज उचलायची, सकाळपासून दिवे लागेपर्यंत, आणि तो नुसती जागा दाखवायचा.

"सुंद्रे, बास. हातोडी आडवी टाक."

हातोडी ऐरणीवर आडवी पडली की घण थांबतो. त्यांच्यात तोंडानं कुणी थांब म्हणत नाही. सुंद्रा हातोडी उभीच धरते.

"टाकते. मंग कुटं जाशिला?"

"पालात जाऊ."

"पाल फाटलंय. मीच टाके घातलं हुतं, त्येबी उसवलं."

"दुसऱ्या गावाला जाऊ."

"त्या बाया बगितल्या न्हवं आत्ता?"

तिच्या तोंडाकडं बघावं, तर ते मातीच्या रंगाचं होत चाललंय.

"तू सांग. घिऊ का नगं घिऊ?"

"मला कशापायी इचारता? मला काय त्यात निजायचंय?" ती खाली वाकते आणि सडलेल्या जागेवरच पुन्हा हातोडी वाजवते. टक. "घाला."

"अगं, हितं काय उरलंच न्हाय."

"दिसतंय मला. घाला."

तो सगळा जीव एकवटून घण उचलतो आणि घालतो.

फाडकन आवाज होतो.

समोरच्या चाकापाशी नारळाची शकलं पडलीत. पाणी धुळीतून वाट काढत बसखाली येतंय. कुणी तरी टाळ्या वाजवल्या. गाड्याचं जू उतरल्याचा आवाज आला आणि भंगारवाल्याचा गडी बैलांना हाकारू लागला.

"दादा, या भायेर," अंकुश वाकून बघतो. त्याच्या कपाळाला गुलाल आहे. "झालं. खालनं बरं हाय न्हवं?"

हैबती सरपटत उन्हात येतो. शेवंता पदर खोचून बस झाडते आहे, धूळ खिडक्यांतून बाहेर पडते. तो आपला उजवा हात बघतो. सांडशी-हातोडी धरणाऱ्या हातावर ठिणग्यांचे डाग असतात, फोड कधी येत नाहीत. त्याच्या तळव्यावर, बोटांच्या मुळाशी, पाण्यानं भरलेले ताजे फोड आलेत.

"दादा, बरं हाय न्हवं?"

"बरं हाय," हैबती म्हणतो आणि मूठ मिटतो. एक फोड फुटतो.

सुंद्राबाई हैबती साळुंके ही त्याच वर्षी, या फाल्गुनाच्या सहा महिने आधी, पोळ्याच्या आदल्या दिवशी, करमाळ्याच्या बाजारात, घण उचलताना खाली बसली आणि तिथंच वारली.