कोम ओम्बोचे फोटो

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, मुलीला नाही, देवापुढे उभी राहूनसुद्धा कधी शब्दांत आणलेलं नाही. तुम्हाला सांगते आहे – कारण तुम्ही जामसंड्याचे नाही, आणि वंदनाला ओळखत नाही.

मी शाळेत इतिहास शिकवायचे, वंदना शिवणकाम. वीस वर्षं आम्ही शेजारी बसलो, एकमेकींच्या डब्यातलं खाल्लं. आणि माझं एक वेड होतं. इजिप्तमध्ये नाईल नदीच्या काठी कोम ओम्बो नावाचं लहानसं गाव आहे. भोवती ऊस, आणि नदीच्या ऐन वळणावर दोन हजार वर्षांहून जुनं देऊळ. देऊळ एक, पण देव दोन – अर्धं मगरीच्या तोंडाच्या देवाचं, अर्धं ससाण्याच्या. दोन दारं, दोन गाभारे. पुस्तकात ते नव्हतंच, तरी मी दर वर्षी मुलांना सांगायचे. वंदनाने ते माझ्याच तोंडून ऐकलं. त्याआधी तिला इजिप्त नकाशावर दाखवता आलं नसतं – बघा, अजूनही हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

निवृत्तीनंतर मी घरात विषय काढला. नवरा म्हणाला, "देऊळच बघूचा ना? कुणकेश्वराक चल. थंय पण पाणी आसा." आणि हसला. मीही हसले.

त्याच वर्षी वंदना जाऊन आली. तिचे यजमान सुरेशभाऊ, जन्मभर बोटीवर नोकरी केलेले. ते तिला घेऊन गेले. परत आल्यावर ती आधी माझ्याकडे आली, मला मिठी मारली. "तुझ्यामुळा बघूक गावला गो माका," म्हणाली. मनापासून म्हणाली. तेच मला सोसलं नाही. ती मिरवली असती तर कदाचित – नाही, तरीही नसतंच सोसलं.

शाळेने तिला मुलांना फोटो दाखवायला बोलावलं. तिच्याकडे कॉम्प्युटर नाही, म्हणून कॅमेऱ्याचं कार्ड तिने माझ्याकडे दिलं. भर दुपारी मी एकेक फोटो बघत बसले. मी फळ्यावर खडूने काढायचे ते खांब – आणि त्यांना टेकून वंदना, सुती साडीवर पांढरे बूट घातलेली. मगरीच्या देवापुढे तर चक्क हात जोडून उभी. तिथे ती का? मी का नाही?

मी सगळे फोटो माझ्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतले आणि कार्ड पुसून टाकलं. तिला म्हटलं, कार्डच खराब निघालं. पुसण्याआधी थांबले का? नाही.

"जांव दे गो, डोळ्यांनी बघलंय ना मी," तीच मला म्हणाली.

शाळेत ती फोटोंशिवाय उभी राहिली आणि दोन वाक्यांत अडखळली. मग मी उठले. अर्धा तास बोलले – दोन दारं, दोन गाभारे, मगरींच्या ममी. टाळ्या मला पडल्या. तिनेही वाजवल्या.

वर्षभरात सुरेशभाऊ गेले. बसल्या जागी, अचानक. तेराव्यानंतर वंदना ते कार्ड घेऊन आली. "एकतरी गावता काय बघ गो. तेंचो बरो फोटोच नाय घरात." मी तिच्यासमोर कार्ड लावलं, शोधल्यासारखं केलं, मान हलवली. त्याच कॉम्प्युटरमध्ये सुरेशभाऊ होते, नदीकडे पाठ करून हसत. तिच्या भिंतीवर आता आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावलाय. हार घातला की चेहरा नीट कळतही नाही.

तेव्हा द्यायला काय झालं होतं? 'सापडले बाई' एवढंच म्हणायचं होतं, तेही चाललं असतं. पकडले जाईन याची भीती होती – पण नुसती भीती नव्हती. ते फोटो मला सोडवत नव्हते. अजूनही नवरा बाजारात गेला की मी ते उघडते.

गेल्या आठवड्यात वंदना चहाला आली होती. अर्धा चहा पिऊन तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "त्या देवळात ह्येंनी खयचो शर्ट घातललो गो? किती आठवतंय, आठवणा नाय."

निळ्या चौकड्यांचा. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, खिशाला पेन.

मी म्हणाले, "माका काय ठावक? मी थंय खंय होतंय?"