पडीक विहिरीचं पाणी

मंगळवारी सकाळी वकिलांनी कोट घातला, बूट घालायला खुर्चीत बसले आणि उठले नाहीत. त्या दिवशी माझ्या विहिरीची सुनावणी होती.

सबंध नाशिक जिल्ह्यात त्यांच्याइतका निराश माणूस मी पाहिला नाही, आणि इतक्या निराश माणसाच्या दारात एवढी गर्दीही कधी पाहिली नाही. रस्ता असो, कालवा असो, कारखान्यांची वसाहत असो, ज्याची जमीन सरकार घेणार असेल तो सीबीएस बसस्थानकाजवळच्या त्यांच्या ऑफिसात येऊन बसायचा. आलेल्या प्रत्येकाला वकील पहिलं वाक्य एकच ऐकवत, "जमीन जाणार. हे आधी ऐकून घ्या, मग चहा घ्या." सिन्नरकडच्या एका म्हातारबाबांनी एकदा विचारलं, "मंग तुमी कशाला, साहेब?" वकील म्हणाले, "जाताना कुणीतरी सोबत पाहिजे ना, बाबा." म्हातारबाबांनी थोडा विचार केला, वकीलपत्रावर सही केली आणि चहा मागितला.

आम्ही एका भिंतीचे शेजारी. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली, कधी कुणाला शिकवलं नाही, तरी ते मला मास्तर म्हणायचे. सुट्टीच्या दिवशी ते पक्षकारांच्या जमिनी बघायला निघत आणि सोबत मला नेत. कागद वाचून केस चालवणं म्हणजे फोटो बघून सोयरीक जुळवणं, असं त्यांचं मत. वैशाखातल्या उन्हातही अंगात काळा कोट असे. वावरात उतरले की मालकाला बाजूला करून ते त्याच्या बायकोला हाक मारत, "वहिनी, इकडं या. काय काय हाय ते तुम्ही सांगा." सातबाऱ्यावर नाव पुरुषाचं असतं, पण जमीन बाईला पाठ असते, असं ते म्हणत. ते खरंही ठरे. नवरा बांधाची लांबी सांगत बसे आणि ती बाई बांधावरचा शेवगा, गोठ्यामागचं लिंबाचं झाड, म्हसोबाच्या दगडाजवळची सीताफळं असं एकेक दाखवत पुढे चालू लागे. मागोमाग वकील, आणि छत्री धरून मी.

झाडांचाही मोबदला मिळतो म्हटल्यावर माणसं काय करतील याचा नेम नाही. दिंडोरीकडच्या एका पक्षकाराने मोजणीच्या आदल्या दिवशी नर्सरीतून आंब्याची रोपं आणून सगळ्या पडीत लावून टाकली. मोजणीवाल्याने एक रोप सहज ओढलं, तर ते पिशवीसकट वर आलं. घाईत प्लॅस्टिकच्या पिशव्या काढायच्याच राहिल्या होत्या. वकिलांनी ते रोप हातात घेतलं, पिशवी सोडवली, खाली वाकून खड्ड्यात नीट लावलं, माती दाबली आणि पक्षकाराला म्हणाले, "आता हे एक खरं झालं. बाकीची परत देऊन या." परतताना गाडीत म्हणाले, "मास्तर, जमीन जायच्या आधी माणूस असा थोडाथोडा जातो."

त्यांच्या सगळ्या खोडींत महाग पडणारी खोड रस्त्यांची. ज्या रस्त्याखाली त्यांच्या पक्षकाराची जमीन गेली त्या रस्त्यावरून ते गाडी घालत नसत. आणि इतकी वर्षं वकिली केल्यावर असा रस्ता उरणार तरी कोणता? इगतपुरीला त्यांच्या सख्ख्या भाचीचं लग्न होतं. हायवे सोडून आम्ही गावागावांतून, कालव्याच्या कडेने, एकदा तर कुणाच्या खळ्यातून वाट काढत गेलो. पोचलो तेव्हा मांडववाले कनाती गुंडाळत होते. बहिणीने कपाळाला हात लावला. "दादा, आज तरी सरळ यायचं होतं." वकील अपराधी चेहऱ्याने म्हणाले, "अगं, त्या रस्त्याखाली शिंद्यांची पेरूची बाग आहे. तिच्यावरून गाडी कशी नेऊ?" तिने थंड झालेली जिलेबी आमच्यापुढे ठेवली आणि तोंड फिरवून हसली.

मग आमच्याच गावावरून नवा रस्ता निघाला. वडिलांनी माझ्या जन्माआधी खणलेली विहीर त्यात जात होती. मोजणीवाले आले तेव्हा जळालेली मोटर वर काढून दुरुस्तीला दिलेली होती. विहिरीवर मोटर नाही, पाइप नाही. त्यांनी लिहून घेतलं, पडीक विहीर. मला विहीर जाण्यापेक्षा तो शब्द लागला. त्या पाण्यावर आम्ही भावंडं वाढलो होतो. मी म्हटलं, "वकील, जाऊ दे, नाहीतरी बुजवणारच आहेत." ते प्रथमच माझ्यावर चिडले. "बुजवू द्या. पण ती जिवंत होती एवढं कागदावर राहायला नको? जित्याला मेला म्हणून नोंदवायचं, हे कसं चालेल?"

त्यांचा यावर एक जुना उपाय होता. एका पक्षकाराच्या अशाच विहिरीचं पाणी त्यांनी सुनावणीत अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवलं होतं. "साहेब, पडीक विहिरीचं पाणी आहे. प्या." तो अधिकारी अर्धी बाटली प्यायला, गोड आहे म्हणाला आणि त्याने शेरा बदलला. सगळ्या आयुष्यातला हा एकच विजय ते सांगत. सोमवारी संध्याकाळी ते माझ्याबरोबर गावी आले, कोट न काढता पोहरा सोडला आणि स्वतःच्या हाताने बाटली भरली.

दहाव्यानंतर वकिलीणबाईंनी ती बाटली वकिलांच्या बॅगेतून काढून मला दिली. सुनावणी पुढे गेली होती. नव्या तारखेला मी एकटाच गेलो. साहेबही नवे होते, तरुण, बोलायला चांगले. मी बाटली टेबलावर ठेवली. मला वकिलांचं वाक्य म्हणायचं होतं, पण तोंडून "पाणी" एवढंच बाहेर पडलं. साहेब फायलीतून मान वर करून म्हणाले, "प्या ना काका, संकोच करू नका. बसा निवांत." मी बसलो. पाणी मात्र प्यायलो नाही. निकालात विहीर पडीकच राहिली.

रस्ता आता झाला आहे. गावी जाताना मी जुन्या वाटेने जातो, उशीर होतो. बाटली घरी पुस्तकांच्या कपाटात आहे. झाकण घट्ट आहे, तरी पाणी थोडं उतरलं आहे. आमच्या विहिरीचं पाणी आता तेवढंच आहे.