नांदुऱ्याच्या काट्यावर टांझानियाची लीग

किस्से काही ठरवून गोळा करावे लागत नाहीत. जिनिंगमध्ये दिवसभर काम केलं की अंगाला रुई चिकटते ना, तसं आहे ते. कितीही झटका, घरी गेल्यावर बायको कानामागून एखादा पुंजका काढतेच!

मी नांदुऱ्याच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर असतो. छोटीशी केबिन, एक खिडकी, एक खडखडणारा कूलर आणि बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग. गेल्या सीझनला या केबिनमध्ये आम्ही काय पाहिलं असेल? फुटबॉल! आणि तोही टांझानियाचा! हसू नका. आमच्या मोहल्ल्यात फुटबॉल असलाच तर त्यात हवा नसते. पण त्या लीगचा पॉइंट टेबल मला आजही अर्ध्या झोपेत विचारा, घडाघडा सांगतो.

या सगळ्याच्या मुळाशी आमचा देविदास.

*

देविदास आमच्याच जिनिंगचा फिटर, माझा शाळेपासूनचा दोस्त. सहा वर्षांपूर्वी तो टांझानियातल्या एका जिनिंग कारखान्यात कामाला गेला. त्या कारखान्याची फुटबॉलची टीम होती. गेल्या सीझनला ती जिंकत जिंकत देशाच्या मोठ्या लीगमध्ये जाऊन पोचली. पहिल्याच बाहेरगावच्या मॅचला टीमची बस भर रस्त्यात बंद पडली. बेल्ट तुटला होता. देविदास बसमध्ये रिकामी सीट होती म्हणून गेलेला. त्याने आपल्या पिशवीतून जिनिंगचा जुना पट्टा काढला, कापला, बसवला, आणि टीम मॅच सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी मैदानात हजर!

मॅच हरले ती गोष्ट वेगळी. तीन-शून्य.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या मालकाने देविदासला बोलावलं. म्हणाला, "आजपासून टीमचा मॅनेजर तू."

देविदास म्हणाला, "साहेब, मला फुटबॉलमधलं काही म्हणजे काही समजत नाही हो!"

मालक म्हणाला, "आधीच्याला सगळं समजत होतं. त्याने काय उजेड पाडला?"

*

मग काय, आपला माणूस मॅनेजर झाल्यावर मॅच पाहणं आलंच! तिकडे दुपारचे चार वाजले की आपल्याकडे साडेसहा. काटा बंद व्हायची वेळ. मोबाईल काट्याच्या मीटरला टेकवून उभा करायचा आणि सगळ्यांनी दाटीवाटीने बसायचं. मी, देविदासची बायको शोभा वहिनी, त्यांची मुलगी कल्याणी, आणि समजावून सांगायला इंगळे सर.

इंगळे सर म्हणजे आमच्या शाळेचे रिटायर्ड पी.टी. शिक्षक. आयुष्यभर कबड्डी आणि खो-खो शिकवला. फुटबॉलचा संबंध ट्रेनिंगमधल्या एका परीक्षेपुरता. पण शिट्टी अजून खिशात असते! एकदा वहिनींनी विचारलं, "सर, ऑफसाइड म्हंजे काय हो?"

सरांनी खिडकीबाहेरच्या रांगेकडे बोट दाखवलं. "ते गाड्या पाहा. रांगेतल्या गाड्या सोडून कोणी सरळ पुढं येऊन काट्यावर उभा राह्यला, तर चालते का? नाही चालत. शिट्टी! तेच ऑफसाइड."

खिडकीशी वरवटचा एक शेतकरी पावतीसाठी उभा होता. तो म्हणाला, "चालते ना सर. सरपंचाची गाडी रोजच येते!"

सरांनी त्या दिवसापासून ऑफसाइड समजावणं सोडून दिलं.

*

देविदासने मॅनेजरकी कशी केली म्हणता? फिटरसारखी. दुसरं त्याला येतच नव्हतं.

जिनिंगची मशीन चालू असताना जाणता फिटर काय करतो, तर हाताची मागची बाजू बेअरिंगवर टेकवून पाहतो. गरम लागलं की समजायचं, इथं बिघाड आहे. देविदासने तेच पोरांच्या गुडघ्यांना सुरू केलं! मॅचच्या आधी सगळ्यांना ओळीने बसवायचं आणि एकेका गुडघ्याला हात लावत जायचं.

"याचा डावा तापून राह्यला. याले आज बसवा."

कोच आधी हसला. मग ज्याला बसवायला सांगितलं होतं त्याला तसंच खेळवलं, आणि तो विसाव्या मिनिटाला लंगडत बाहेर आला. त्यानंतर देविदासने हात लावल्याशिवाय कोच कोणाला मैदानात पाठवेना.

समोरच्या टीमने हे पाहिलं आणि एकदा थेट रेफरीकडे तक्रार केली. हा माणूस खेळाडूंच्या गुडघ्यांवर कसला तरी मंत्र टाकतो म्हणे! रेफरीने देविदासला बोलावून विचारलं, "काय रे, मंत्र टाकतोस?"

देविदासने हात जोडले. "साहेब, मला मंत्र येत असता तर आम्ही चौदाव्या नंबरवर असतो का?"

रेफरीने तक्रार तिथल्या तिथे निकालात काढली.

*

आता बराकाची ओळख करून देतो, कारण आमच्या केबिनमध्ये देविदासपेक्षा त्याचेच लाड जास्त. बराका टीमचा गोलकीपर. सकाळी कारखान्यात देविदासच्या हाताखाली फिटर, संध्याकाळी गोलमध्ये उभा. सव्वासहा फूट उंच, दोन लेकरांचा बाप. देविदासच्या फोनवरून तो रोज वहिनींशी बोलायचा. त्याला आपली चार वाक्यं येत होती, त्यातलं पहिलं, "आई, जेवली का?" वहिनींनी अमडापूरचा एक ओळखीचा मुलगा तिकडे चालला होता त्याच्याबरोबर जवसाची चटणी धाडली, तर बराकाने अर्धी बरणी एका बैठकीत उडवली.

सहा वर्षं झाली तरी देविदास तिकडे जास्त वऱ्हाडीतच बोलतो. त्यांची भाषा तो शिकला, पण कामापुरती. राग आला की वऱ्हाडी! त्याचा परिणाम आम्हाला एका मॅचला दिसला. पाऊस पडून गेलेला, मैदानात माणसं थोडी, त्यामुळे खेळाडूंचं बोलणं मोबाईलवर चक्क ऐकू येत होतं. समोरचे चाल करून आले, आपला बॅक भलतीकडेच उभा. बराका गोलमधून जीव खाऊन ओरडला, "मधात ये बे! मधात!"

आम्ही एकमेकांकडे पाहायला लागलो. इंगळे सर म्हणाले, "मले भास झाला का?"

तोवर तो बॅक पळत मध्ये आला आणि वळून होकार देत ओरडला, "हाव!"

वहिनींनी त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला.

*

इथवर सगळी मजाच होती. मग कल्याणीचं लग्न ठरलं, आणि फुटबॉल एकदम गळ्याशी आला!

नवरदेव वरवट बकालचा, सोन्यासारखा मुलगा. त्याचे वडील त्र्यंबकराव मोठे बागाईतदार आणि वेळेचे असे पक्के, की साखरपुड्याला आम्ही वीस मिनिटं उशिरा पोचलो तर ते दारात घड्याळ हातात घेऊन उभे! लीग संपल्यावर आठ दिवसांनी लग्नाची तारीख धरली. मालकाने देविदासला पंधरा दिवसांची सुट्टी लिहून दिली, पण अट एकच. टीमचा सीझन संपेपर्यंत मॅनेजर हलणार नाही.

पत्रिका वाटून झाल्या आणि मग इंगळे सरांना लीगचा नियम सापडला. सोळा टीम. शेवटच्या दोन सरळ खालच्या लीगमध्ये. पण तेराव्या आणि चौदाव्या नंबरच्या टीमला जीव वाचवायला आणखी दोन मॅच. त्यातली दुसरी नेमकी लग्नाच्या दिवशी!

वहिनींनी विचारलं, "आपण कितवे हाओत?"

"चौदावे."

वहिनींनी डोक्याला हात लावला. मग मोबाईलकडे बघून कडाडल्या, "एक तं वर जा, नाही तं सरळ खाली पडा. मधात लटकून काऊन राह्यले रे!"

रात्री फोनवर त्यांनी देविदासला सांगितलं, "सोडून या तुम्ही. एकुलती एक पोरगी हाय." देविदास म्हणाला, "शोभा, टीम पडली तं मालक टीम बंद करते. या पोट्ट्यायले टीमपायीच कारखान्यात काम भेटलं. बराकाचंही जाते. मी आत्ता निघालो तं कोणत्या तोंडानं निघू?" हे वहिनींनीच मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, आणि सांगताना त्यांचे डोळे भरून आले.

*

वहिनी मारुतीच्या देवळात गेल्या. नारळ ठेवला. पुजारीबुवांनी विचारलं, "काय मागनं हाय बाई?"

"जिंकू दे नाही तं हरू दे. पण मॅच बरोबरीत सुटू देऊ नको म्हणा."

पुजारीबुवा विचारात पडले. म्हणाले, "बाई, पन्नास वर्षं झाली मले इथं. हारू दे म्हणणारी तू पयलीच. देवालेही समजलं पायजे ना, नेमकं काय करा ते!"

त्यानंतर आपल्या टीमच्या लागोपाठ तीन मॅच झाल्या. तिन्ही बरोबरीत!

*

शेवटच्या मॅचच्या दिवशी त्र्यंबकराव स्वतः आले. कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. केबिनच्या दारात उभे राहून म्हणाले, "फुटबॉलपायी पोरीच्या लग्नात बाप नाही? हे कोणत्या गावची रीत?"

मी स्टूल पुढे केला. म्हटलं, "बसा तं खरं, दादासाहेब. आजच्या आज फैसला होते."

"फैसला काही होवो. मुहूर्त हलणार नाही, सांगून ठेवतो," म्हणाले आणि बसले.

इंगळे सरांनी पाटीवर खडूने मांडलं. जिंकलो, तर बारावे. टीम वाचली, देविदास उद्याच्या विमानात. हरलो, तर पंधरावे. टीम बंद, बराका घरी, पण देविदास उद्याच्या विमानात. बरोबरी झाली, तर आणखी दोन मॅच आणि कन्यादानाला बाप नाही. त्र्यंबकरावांनी पाटी दोनदा वाचली.

पहिला गोल समोरच्या टीमने केला. अर्ध्या तासाने आपण फेडला. एक-एक. मग काही केल्या गोल होईना. पंच्याऐंशी मिनिटं झाली. कल्याणी नखं खात होती. त्र्यंबकराव स्टूल सरकवत सरकवत मोबाईलच्या इतके जवळ आले की मला त्यांची टोपीच दिसायला लागली. मध्येच म्हणाले, "तो सात नंबरवाला दमला. त्याले काढत काऊन नाहीत?"

आणि शेवटच्या मिनिटाला आपल्या बॅकने समोरच्याला पाडलं. पेनल्टी! सर हळू आवाजात म्हणाले, "बारा पावलांवरून मारते. मधात एकटा बराका."

गोल झाला की आपण हरलो, आणि हरलो की देविदास घरी येतो. हे सगळ्यांच्या ध्यानात आलं. खरं सांगतो, मी मनातल्या मनात म्हटलं, होऊ दे बाबा गोल. पोरीचं लग्न एकदाच होते.

मी वहिनींकडे पाहिलं. कल्याणीनेही पाहिलं. वहिनींचे दोन्ही हात छातीशी, ओठ घट्ट मिटलेले. मोबाईलवर बराका गोलमध्ये हात पसरून उभा. समोरचा धावत आला आणि वहिनी एकदम ओरडल्या, "बराका, अडव रे पोरा! अडव!"

बराकाने डावीकडे झेप घेतली आणि बोटांच्या टोकांनी चेंडू बाहेर ढकलला!

मग जो काय दंगा झाला! सरांनी खिशातली शिट्टी काढून फुंकली, कल्याणीने आईला मिठी मारली, बाहेर सरकीच्या ट्रकचा ड्रायव्हर काटा कोसळला समजून धावत आला. मैदानात पोरं बराकाच्या अंगावर पडली होती, आणि त्यांच्यात पाना खिशात खोचलेला आमचा देविदास लहान मुलासारखा रडत होता.

शिट्टी झाली. मॅच संपली. एक-एक. बरोबरी.

दंगा हळूहळू शमला. वहिनी मटकन खाली बसल्या. पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "माय वं! म्या हे काय करून बसली!" कल्याणी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "आई, तू नसती ओरडली तं मी ओरडली असती." आणि मग दोघीही रडायला लागल्या.

त्र्यंबकराव अजून मोबाईलकडेच पाहत होते. जरा वेळाने त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला. मला म्हणाले, "ते दुसरी मॅच कोणत्या तारखेले म्हणता?"

मी चाचरत म्हटलं, "लग्नाच्याच दिवशी, दादासाहेब."

"मंग भटजीले फोन लावा. त्या दिवशी लग्न नाही जमत."

मी कारण विचारलं, "काऊन हो?"

"काऊन म्हंजे?" ते माझ्यावरच खेकसले. "त्या दिवशी मॅच हाय ना!"